बँकॉकला नेलेली पिकदाणी

वाइन चाखणारा थुंकतो, चहा चाखणारा थुंकतो, पण बिअर चाखणाऱ्याला घोट गिळावाच लागतो. बिअरचा कडवटपणा जिभेच्या अगदी मागे आणि घशातून उतरताना कळतो. उतरल्यानंतर तो किती वेळ रेंगाळतो, यावर तिची अर्धी परीक्षा असते. तोंडात घोळवून टाकून दिलेल्या बिअरबद्दल मत देणं म्हणजे ताट बघून जेवण कसं होतं ते सांगणं. हे मी नोकरीला लागल्यावर आठवड्याभरात शिकले आणि पुढची सत्तावीस वर्षं एका माणसाला सांगू शकले नाही. तो माणूस म्हणजे माझे बाबा.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला ‘वेगळ्या वाटेवरची स्त्री’ अशा धर्तीवर लिहायला सांगितलं आहे. वाट वेगळी होती की नाही, मला माहीत नाही. मी एम.एस्सी. केमिस्ट्री झाले, जाहिरात बघून अर्ज केला आणि इंदूरच्या पोलोग्राउंडमागच्या गल्लीतल्या एका बिअरच्या कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. वाटेपेक्षा गोंधळच जास्त झाला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तो निस्तरलेला नाही, म्हणून तोच लिहिते.

आधी कामाबद्दल थोडं. कारखान्यात सगळं मोजायला यंत्रं असतात, पण यंत्राला चव कळत नाही. म्हणून रोज अकराच्या सुमाराला आम्ही पाच जण एका खोलीत बसायचो. समोर नंबर घातलेले गडद रंगाचे ग्लास, म्हणजे बिअरचा रंग बघून मन आधीच ठरवायला नको. आधी वास, मग एक छोटा घोट, मग कागदावर खूण. मधे पाणी आणि कोरडा पाव. सकाळपासून तोंडाला हिंग, लसूण, मसाला लावायचा नाही, लिपस्टिक नाही, अत्तर नाही. इंदूरमध्ये राहून सकाळी पोहे-जलेबी खायची नाही, यात माझा केवढा त्याग आहे ते इंदूरकरांनाच कळेल.

बिअर बिघडली की ती ओळखीच्या वस्तूंसारखी लागते, ही त्यातली गंमत. नीट पिकायच्या आत बाहेर काढली तर तिला लोण्याचा वास येतो. उकळताना घाई केली तर उकडलेल्या भुट्ट्याचा. हवा लागली, जुनी झाली की ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. आणि हिरव्या बाटलीतली बिअर उन्हात ठेवली तर जळक्या रबराचा वास येतो. एकदा मी एका अख्ख्या टाकीवर ‘भुट्टा’ असं लिहून सही केली. बाकी चौघांनी ‘ठीक’ लिहिलं होतं. मॅनेजर म्हणाले, “मॅडम, सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्टे का कीस खाऊन आलात का?” नमुना बाहेरच्या लॅबमध्ये गेला आणि आठवड्यानंतर उत्तर आलं, भुट्टाच. त्यानंतर कारखान्यात मला कोणी सुनंदा मॅडम म्हणेना. ‘जीभवाल्या मॅडम’ म्हणू लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

आता बाबा. आम्ही बौद्ध, मूळ इंदूरजवळच्या महूचे. आजोबा फौजेत, बाबाही फौजेत, हवालदार म्हणून निवृत्त झाले. महूच्या आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी पंचशील सांगायचं काम बाबांकडे. ते पुढे म्हणायचे आणि सगळे मागून म्हणायचे. पाचवं शील नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं, आणि बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची एक आहेच. बाबांनी तरुणपणी वस्तीतल्या दारूविरुद्ध मोर्चे काढले होते, दोन भट्ट्या बंद पाडल्या होत्या. त्यांच्या मुलीला बिअरच्या कारखान्यात नोकरी लागली.

नेमणुकीचं पत्र आलं ते त्यांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, “चाखायचं म्हणजे प्यायचं का गं?”

मला त्या वेळी खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, “नाही बाबा. चाखून थुंकायचं असतं.”

“पक्का?”

“पक्का.”

“मग ठीक आहे. काम आहे तर काम आहे.”

दुसऱ्या दिवशी ते इंदूरला जाऊन बर्तन बाजारातून एक पितळी पिकदाणी घेऊन आले. चांगली जड, गळ्याशी नक्षी असलेली. म्हणाले, “कंपनीच्या बेसिनमध्ये थुंकू नको. आपली वस्तू आपल्याजवळ असावी.”

आठवड्याभरात मला खरं काय ते कळलं, पण तोवर बाबांनी सगळ्या वस्तीला सांगून टाकलं होतं. कोणी खोचकपणे विचारलं, “हवालदार साहेब, मुलगी दारूच्या फॅक्टरीत ना?” की बाबा ताठ उभे राहून सांगायचे, “माझी सुनंदा थुंकते.” हे इतक्या अभिमानाने सांगितलं जायचं की विचारणारा विषय बदलायचा. माझं तोंड बंद झालं ते कायमचं. विहारात चार शीलं मी मोठ्याने म्हणायचे आणि पाचव्याला नुसते ओठ हलवायचे. पिकदाणी लॅबमध्ये माझ्या टेबलावर राहिली. तिच्यात आम्ही बाटल्यांची बुचं टाकायचो.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना सेठजींनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, मला बोलावलं. त्यांच्या डोक्यात थायलंड शिरलं होतं. इंदूरहून तिकडे सहलीला जाऊन आलेला प्रत्येक जण तिथल्या बिअरचं कौतुक करायचा, आणि सेठजींच्या पोटात दुखायचं.

“मॅडमजी, सब एक ही बात बोलते हैं, वहां की बियर में बात ही अलग है,” ते म्हणाले. “पर कौन सी बियर? वहां की लोकल, या जो वहां बाहर से आती है? किसी को पता नहीं. आप जाओ, दोनों चखो, और एक लाइन में बताओ, अपने को किसके जैसी बनाना है.”

मी घरी सांगितलं तेव्हा बाबा ब्याऐंशी वर्षांचे होते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “थायलंड? बुद्धाच्या देशात? बेटा, मला पण ने ना. तू तुझं काम कर, मी फालतू त्रास नाही देणार. विहारं बघेन, बस.”

नाही म्हणणं शक्य नव्हतं. मी त्यांचं तिकीट काढलं. निघायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, “ती पिकदाणी घेऊन ये लॅबमधून. परदेशात कुठे शोधत बसशील?” मी बुचं काढून ती घासून घरी आणली. बाबांनी ती टॉवेलमध्ये गुंडाळून स्वतःच्या बॅगेत ठेवली. विमानतळावरच्या तपासणीवाल्याने ती उलटीसुलटी करून बघितली आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

बँकॉकमध्ये आमची सोय बघायला पंकजजी होते. मूळचे इंदूरच्या भंवरकुआंचे, पन्नाशीतले, तिकडे पंधरा वर्षं भारतीय पाहुण्यांच्या सरबराईत काढलेली. मी त्यांना आठ बिअर आणायला सांगितल्या होत्या, चार लोकल आणि चार बाहेरच्या. ते हात हलवत आले.

“अरे मॅडमजी, गड़बड़ हो गई. आज इनकी बड़ी पूर्णिमा है. आज पूरे शहर में बियर बिकती ही नहीं.”

आम्ही तिघं खाली दुकानात गेलो. खरंच, थंड कपाटांवर पडदा ओढलेला होता. बाबा त्या पडद्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांचा मोर्चा कोणीतरी पुरा करून ठेवला होता. “बघ सुनंदा,” ते म्हणाले, “देश असावा तर असा.” त्या दिवशी आम्ही तीन विहारं बघितली. बाबा प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकून बसले आणि उठताना माझा हात धरला. मला वाटलं, काम नाही झालं तरी चालेल, इथे आलो तेच पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी पडदा उघडला. तरी पंकजजी दुपारी परत रिकाम्या हाताने आले. त्या वेळी तिथे दुपारी दोन ते पाच दुकानात बिअर विकत नसत. का, ते त्यांनाही नीट सांगता येईना. पाचला आम्ही खाली उतरलो तर दुकानाबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून चार म्हातारे बसले होते. मधे बर्फाची बादली. बर्फाचे मोठे खडे ग्लासात टाकून, त्यावर बिअर ओतून सावकाश पीत होते. मी तर बघतच राहिले. आमच्या धंद्यात बिअरमध्ये बर्फ टाकणं म्हणजे वरणात पाणी घालणं. पण त्या उकाड्यात त्यांचं काही चुकतंय असंही वाटेना.

बाबा वेगळंच बघत होते. त्यातल्या एकाच्या गळ्यात बुद्धाची छोटी मूर्ती होती.

“पंकजजी, हे बौद्धच ना?”

“हां बाबाजी, बिल्कुल.”

“कालच्या पूर्णिमेला हेच लोक विहारात होते?”

“होंगे ही.”

“मग यांचं पाचवं शील?”

पंकजजींनी आढेवेढे घेतले, पण बाबा हवालदार होते. शेवटी त्यांनी त्या माणसाला थाई भाषेत विचारलं. तो म्हातारा ग्लास खाली ठेवून उभा राहिला, बाबांना हात जोडले आणि शांतपणे काहीतरी बोलला. पंकजजींनी सांगितलं, “कह रहे हैं, शील रोज लेता हूं, रोज टूट जाता है. कल फिर लूंगा.”

बाबांनीही हात जोडून नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला हॉटेलच्या खोलीत चाचणी मांडली. पंकजजींनी बाथरूममध्ये जाऊन बिअर ओतल्या, ग्लासांना बाहेरून कागद गुंडाळला, एक ते आठ नंबर घातले आणि कोणती कुठे ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं. मी पाव आणि पाणी घेऊन बसले. वर मान केली तर बाबा समोर खुर्ची ओढून बसले होते. टॉवेल सोडून पिकदाणी त्यांनी माझ्या उजव्या हाताशी ठेवली. घासून लख्ख केली होती.

“बाबा, तुम्ही खाली फिरून या ना. कंटाळाल.”

“नाही गं. इतकी वर्षं नुसतं सांगतोय लोकांना. आज बघतो ना.”

मी पहिला ग्लास उचलला, वास घेतला, घोट घेतला, तोंडात फिरवला आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा थुंकले. पितळेवर आवाज झाला. बाबांनी मान हलवली, शाळेत मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर हलवतात तशी.

आठही ग्लास मी असेच केले. दुसऱ्यापासूनच मला काही कळेनासं झालं. जिभेच्या टोकावर गोडसर, मधे पाणी, आणि पुढे काहीच नाही. पुस्तकाचं शेवटचं पान फाडलेलं असावं तसं. वासावरून अंदाज मारले, लोकल, बाहेरची, बाहेरची, लोकल. पंकजजींनी चिठ्ठी काढली आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला. आठपैकी सहा चुकल्या होत्या. जीभवाल्या मॅडमच्या आठपैकी सहा.

पुढचा गोंधळ आणखी मोठा. पंकजजींनी बाटल्या टेबलावर मांडल्या. मला चष्मा लावून लेबलं वाचायची सवय आहे. युरोपातलं बडं नाव असलेली एक बाटली बँकॉकजवळच्याच कारखान्यात भरलेली निघाली. आणि मंदिराचं चित्र, थाई अक्षरं असलेली एका छोट्या कंपनीची बिअर शेजारच्या देशात बनून परत आलेली. पंकजजींनी खुलासा केला की तेव्हाच्या कायद्यात छोट्या माणसाला इथे बिअर बनवायची परवानगीच मिळत नसे, म्हणून ते बिचारे सीमेपलीकडे बनवून आपल्याच देशात आयात करायचे.

म्हणजे बाहेरची ती इथली आणि इथली ती बाहेरची. मग माझ्या सहा चुकांपैकी माझ्या किती, चिठ्ठीच्या किती? मी कागद उलटा केला, सुलटा केला. सेठजींना एक ओळ हवी होती. त्यांच्या नव्या टाक्यांचं, दहा-बारा माणसांच्या कामाचं त्या ओळीवर ठरणार होतं. आणि मला धड हेही सांगता येईना की मी चुकले आहे की बरोबर आहे.

पंकजजी चहा सांगायला खाली गेले. बाबांनी विचारलं, “असं याआधी कधी झालं होतं?”

“नाही.”

“मग आजच का?”

मी पिकदाणी बाजूला सरकवली आणि म्हटलं, “बाबा, बिअर गिळावी लागते. थुंकून कळत नाही. मी कधीच थुंकत नव्हते.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही.

“माहीत आहे बेटा. तुझी नोकरी लागून तीन-चार वर्षं झाली होती. तू चष्मा घरी विसरली, मी द्यायला आलो लॅबमध्ये. तू आत मीटिंगमध्ये होती. टेबलावर पिकदाणी बघितली. बुचांनी गच्च भरलेली. आतून कोरडी.” ते थोडं हसले. “मी फौजेत स्टोअर सांभाळलंय. वापरलेली वस्तू मला कळते.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“काय बोलू? नोकरी सोड म्हणू? तुझं नाव होत होतं तिथे. चूप बसलो.” ते थांबले. “पण नुसता चूप बसलो असतो तर ठीक होतं. विहारात लोक विचारत राहिले, मी सांगत राहिलो. थुंकते, थुंकते. चोवीस वर्षं. तुझं पाचवं शील मोडलं का नाही, मला समजत नाही. काम म्हणून घेतलेला घोट, त्याचं काय म्हणायचं, मी लय विचार केला, नाही समजलं. पण माझं चौथं मोडलं. ते खोटं बोलण्याचं आहे ना. आणि मीच दर रविवारी ते सगळ्यांना सांगतो.”

मला रडू आलं. माझं एक खोटं बाबा चोवीस वर्षं आपल्या अंगावर वागवत होते, आणि मी पाचव्याला ओठ हलवून स्वतःला फार प्रामाणिक समजत होते. मी त्यांना म्हटलं, “मग ही पिकदाणी कशाला आणलीत इथे?”

“म्हटलं, माझ्यासमोर एकदा तरी थुंकेल,” बाबा म्हणाले. “म्हणजे माझं सांगणं एवढं तरी खरं होईल.”

मग त्यांनी पिकदाणी उचलली, बाथरूममध्ये नेऊन धुतली, पुसली आणि टॉवेलमध्ये गुंडाळली. परत येऊन खुर्चीवर बसले. “झालं माझं काम. आता तू तुझं कर.”

पंकजजींनी नव्याने ग्लास भरले, नवे नंबर घातले. मी बाबांसमोर पहिला घोट गिळला. त्यांनी नजर वळवली नाही. कडवटपणा घशातून उतरला, रेंगाळला, आणि मला बिअर दिसायला लागली. तीन नंबर आणि सात नंबर एकाच पाण्याच्या आहेत, असं मी लिहिलं. त्यातली एक लोकल होती आणि दुसरी ते युरोपातलं बडं नाव. मंदिराच्या चित्राची बिअर मी परदेशी ठरवली. जहाजातून आलेल्या दोघींना ओल्या पुठ्ठ्याची चव होती. पंकजजींची चिठ्ठी आणि माझा कागद या वेळीही जुळले नाहीत, पण लेबलावरच्या बारीक अक्षरांशी माझा कागद आठच्या आठ जुळला.

सेठजींना मी एका ओळीऐवजी दीड पान दिलं. लिहिलं की लोकल आणि बाहेरची हा फरक फसवा आहे, खरा फरक ताजेपणाचा आहे. बाहेरची बिअर बोटीत म्हातारी होते. तिथली लोकल हलकी आहे, ताजी आहे आणि बर्फाबरोबर प्यायली जाते, म्हणून सहलीला गेलेल्याला ती अमृत वाटते. आपण ताजी आणि हलकी बनवू, आणि हिरव्या बाटलीत मुळीच भरू नये. सेठजी म्हणाले, “बहुत बढ़िया,” आणि हिरव्या बाटलीत भरली, कारण ती इम्पोर्टेड दिसते. पुढच्या उन्हाळ्यात दुकानांच्या उन्हात तिला जळक्या रबराचा वास आला. टाक्या वर्षभरात बंद झाल्या. ते दीड पान मी टेबलावर ठेवून आले, सेठजींसमोर बसून समजावून सांगितलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

बँकॉकहून परतल्यावरच्या रविवारी आम्ही महूच्या विहारात गेलो. बाबांभोवती गर्दी झाली. तिथली विहारं कशी, भन्ते कसे, लोकांनी सगळं विचारलं. मग मागून आमचे शेजारी, जुने खोचक, म्हणाले, “आणि हवालदार साहेब, सुनंदाताई तिकडे पण थुंकत होती का?”

बाबा नेहमीसारखे ताठ उभे राहिले.

“थुंकली,” ते म्हणाले. “माझ्या डोळ्यांनी बघितली. मी स्वतः पिकदाणी धुतली.”

शब्द न शब्द खरा होता. तरी ते खरं सांगणं झालं की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. सगळे खाली बसले आणि बाबांनी पंचशील सुरू केलं. चौथं त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं. पाचवं म्हणून ते थांबले आणि सगळ्यांदेखत माझ्याकडे बघत राहिले. मी ते मोठ्याने म्हणेपर्यंत ते पुढे गेले नाहीत.